दस्तक ते व्हिसा

तापी नदीच्या उत्तर तीरावर वसलेले बऱ्हाणपूर हे नगर एके काळी दक्षिणेचे दार म्हणून ओळखले जाई. फारुकी सुलतानांनी ते वसविले. १६०१ साली जवळचा असीरगड अकबराच्या हाती आला आणि मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ते मोठे ठाणे बनले. सुरत बंदरातून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता याच नगरातून जात असे. त्यामुळे व्यापाऱ्यांचे तांडे, परदेशचे वकील, सैनिक आणि यात्रेकरू यांची येथे सदैव वर्दळ असे. जेथे दार आहे तेथे द्वारपाल आलाच. आणि जेथे द्वारपाल आहे तेथे प्रवाशाने दाखवावयाचा कागदही आला. परमुलखात पाऊल टाकणाऱ्यास तेथील सत्तेची अनुज्ञा लागते, हा धडा या नगराने अमेरिका नावाचे राष्ट्र जन्मास येण्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे गिरविला होता.

इ. स. १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी सुरतेहून अजमेरकडे निघाला असता बऱ्हाणपुरास थांबला. जहांगीराचा पुत्र शाहजादा परवीझ त्या वेळी तेथे होता. इंग्रजांना या नगरात वखार घालण्याची परवानगी मिळावी, अशी रोची इच्छा होती. दरबारात शिरताना कोतवालाने त्यास जमिनीला मस्तक टेकावयास सांगितले. रोने ते मानले नाही. मात्र शाहजाद्याच्या निकट जाऊन उभे राहण्याची त्याची विनंतीही मान्य झाली नाही. इराणचा शहा किंवा तुर्कांचा सुलतान आला तरी त्यास ती मुभा मिळावयाची नाही, असे उत्तर मिळाल्याचे रोने आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे. बसावयास आसनही मिळाले नाही. वखारीची परवानगी मिळाली, पण ती उभ्या उभ्या.

मोगली दफ्तरात अशा कागदांना निरनिराळी नावे असत. बादशहाची आज्ञा ते फर्मान, शाहजाद्याची ती निशाण, वरिष्ठ अधिकाऱ्याचा तो परवाना, आणि वाटेवरच्या चौक्यांवर दाखवावयाची ती दस्तक. मराठी मनाला दस्तक हा शब्द १६६६ सालच्या आग्र्याच्या प्रसंगामुळे परिचित आहे. शिवाजी महाराजांनी आपल्या बरोबरच्या लोकांना परत पाठविण्यासाठी बादशहाकडून दस्तके मागून घेतली होती. या सर्व कागदांचे मर्म एकच होते. तो प्रवाशाचा हक्क नव्हता. देणाऱ्याची मर्जी होती. जुन्या वेशींच्या आणि गडांच्या भव्य दरवाजात एक लहानशी दिंडी असे. मुख्य दार मिटल्यानंतर ज्याची ओळख पटे त्यालाच त्या दिंडीतून, मान वाकवून, आत घेत. अमेरिकेत शिकावयास जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची कहाणी ही अशाच एका दिंडीची कहाणी आहे.

आज बऱ्हाणपुरातल्या एखाद्या केळीच्या बागायतदाराची मुलगी किंवा यंत्रमागावर पोट असणाऱ्या घरातला मुलगा अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश मिळवितो, तेव्हा त्यास सुमारे पाचशे किलोमीटर दूर मुंबईस जावे लागते. कारण मध्य प्रदेश हा अमेरिकेच्या मुंबई येथील वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. तेथे काचेच्या खिडकीपाशी उभे राहून त्यास काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हाच अभ्यासक्रम का? खर्च कोण करणार? शिक्षण संपल्यावर काय करणार? चार-पाच मिनिटांत निकाल लागतो. नकार मिळाला तर घरच्यांना वाटते की मुलाच्या गुणवत्तेलाच कोणी बट्टा लावला. वस्तुतः त्या खिडकीपलीकडून विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न त्या मुलाच्या आजोबांहूनही जुना आहे. तो कोठून आला हे समजून घेतले, तर नकाराचा डंख थोडा कमी होईल आणि तयारी अधिक डोळस होईल.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिल महिन्यात कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. पती गोपाळराव बरोबर नाहीत. हेतू वैद्यकाचे शिक्षण. त्यांना विरोध झाला तो स्वजनांकडून. अमेरिकेच्या सरकारने त्यांना व्हिसा मागितला नाही, कारण तशी पद्धतच तेव्हा नव्हती. आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने एक कायदा करून प्रत्येक परदेशी उतारूमागे अर्धा डॉलर कर बसविला होता आणि जो स्वतःचे पोट भरू न शकल्याने सार्वजनिक खर्चावर भार होईल अशास उतरू देऊ नये, असे ठरविले होते. आज विद्यार्थ्याकडे बँकेचे दाखले मागितले जातात, त्यांचा एक दूरचा पूर्वज या नियमात सापडतो.

परंतु त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला होता आणि तो अधिक कठोर होता. चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास त्याने बंदी केली. चिनी विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी आणि हौसेने प्रवास करणारे यांना मात्र मोकळीक राहिली. पण त्यांनी आपण मजूर नाही असा आपल्या सरकारचा दाखला आणला पाहिजे, अशी अट पडली. म्हणजे आनंदीबाई ज्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कोणत्याही परवान्यावाचून उतरल्या, त्याच उन्हाळ्यात चीनमधून येणाऱ्या विद्यार्थ्याला आपण विद्यार्थी असल्याचा पुरावा खिशात ठेवावा लागत होता. दरवाजा मिटण्याची आणि दिंडी उघडी राहण्याची ही पहिली ठळक वेळ. ती हिंदुस्थानच्या वाट्याला यावयास अजून तीन-साडेतीन दशके होती.

आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ च्या मार्चमध्ये पदवी घेतली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. त्याच वर्षी आनंदीबाई स्वदेशी परतल्या. क्षयाने खंगलेल्या देहानिशी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘परत जाईन’ असे वचन त्यांच्याकडून कोणत्याही सरकारने घेतले नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही वाट थोडी रुळली. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासाचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे प्रचंड कार्य त्यांनी उभे केले, त्याची बैठक या अभ्यासात होती. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे याच सुमारास तेथे पोहोचले. ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत त्यांनी शेतीशास्त्र शिकले आणि त्याच बरोबर गदर चळवळीतही उडी घेतली. मध्य प्रदेशातील महू येथे जन्मलेले भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला उतरले. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती त्यांना होती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांनी निघण्यापूर्वी केला होता. परतण्याचे बंधन होते ते बडोद्याचे, अमेरिकेचे नव्हे. कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये ते एम.ए. झाले.

या तिघांच्या काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वेगळेच वारे वाहत होते. लाकडाच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कामावर पंजाबातील मजूर येऊ लागले होते. ते कमी मजुरीवर राबतात, असा गोऱ्या कामगारांचा आक्षेप होता. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम या गावी जमावाने हिंदी मजुरांच्या वस्तीवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर हुसकले. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरणाऱ्यांना ‘सार्वजनिक भार होईल’ या जुन्याच कलमाखाली परत धाडले जाऊ लागले. कातडीचा रंग एक, देश एक. पण हातात पुस्तक असलेल्याला एक न्याय आणि कुऱ्हाड असलेल्याला दुसरा. हा भेद पुढे कायद्यातच उतरला.

१९१७ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकन काँग्रेसने नवा कायदा संमत केला. जगाच्या नकाशावर अक्षांश-रेखांशांच्या रेघा मारून आशियाचा एक विस्तीर्ण पट्टा त्याने वर्ज्य ठरविला. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. मात्र काही जणांना सूट होती: सरकारी अधिकारी, धर्मोपदेशक, वकील, वैद्य, अभियंते, शिक्षक, लेखक, कलावंत, व्यापारी, हौशी प्रवासी, आणि विद्यार्थी. दरवाजा मिटला, दिंडी राहिली. त्याच वर्षी महायुद्धाच्या निमित्ताने अमेरिकेने येणाऱ्या परदेशीयांना व्हिसा सक्तीचा केला. युद्ध संपल्यावर ही सक्ती उठेल असे पुष्कळांना वाटले होते. ती उठली नाही. इकडे हिंदुस्थान सरकारनेही युद्धकाळात बाहेर जाणाऱ्यास पारपत्राचे बंधन घातले. खानखोजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अनुभवाने इंग्रज सरकार सावध झाले होते; परदेशी शिकावयास जाणारा तरुण केवळ शिकूनच येतो असे नाही, हे त्यास कळून चुकले होते. खानखोजे पुढे मेक्सिकोत गेले, शेतीशास्त्रज्ञ म्हणून तेथे नावाजले, आणि स्वातंत्र्यानंतर मायदेशी आले. १९६७ साली नागपुरात त्यांचा अंत झाला.

१९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नसल्यामुळे नागरिकत्वास पात्र नाही, असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, जो कायदा झाला त्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्या सर्व परकीयांना वसाहतीसाठी येण्यास मनाई केली. आणि तरीही विद्यार्थी सुटला. या कायद्यातील चौथ्या कलमाचे एक पोटकलम आजच्या सर्व व्यवस्थेचे बीज आहे. विद्यार्थी किमान पंधरा वर्षांचा असावा. तो केवळ शिक्षणासाठीच येत असावा. कोणत्या शाळेत शिकणार ती त्याने आधीच निश्चित केलेली असावी. त्या शाळेस सरकारची मान्यता असावी. आणि विद्यार्थ्याने शाळा सोडली तर ती सरकारला कळविण्याचे त्या शाळेने कबूल केलेले असावे. या शेवटच्या अटीने विद्यापीठ हे विद्यादानाबरोबरच पहाऱ्याचेही काम करू लागले.

त्या काळी परदेशी लोकांच्या आगमनाचे खाते अमेरिकेच्या श्रममंत्रालयाकडे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सत्तेला भीती होती ती मजुरीच्या स्पर्धेची. जयप्रकाश नारायण १९२२ साली अमेरिकेत गेले. फळबागांत व कारखान्यांत काम करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला. परंतु जागतिक मंदीच्या दिवसांत, १९३२ मध्ये, श्रममंत्री विल्यम डोक यांनी परदेशी विद्यार्थ्यांनी काम करून शिकू नये असा नियम काढला. स्वकष्टावर शिकणारा गरीब विद्यार्थी अमेरिकन लोकांच्या कौतुकाचा विषय होता. पण तो परदेशी असला की तो कामगाराच्या पोटावर पाय देणारा ठरला. विद्यार्थ्याला शिक्षणसंस्थेच्या आवाराबाहेर सहसा नोकरी करू द्यावयाची नाही, हा आजचा निर्बंध त्याच भीतीचा वारसा सांगतो.

१९४० साली हे खाते न्यायमंत्रालयाकडे गेले. १९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाची दारे उघडली, पण कायम वसाहतीसाठी वर्षाला अवघ्या शंभर जणांची मर्यादा ठेवून. आणि १९५२ साली तो कायदा झाला ज्याच्या आधारावर आजही विद्यार्थ्याचा व्हिसा दिला अथवा नाकारला जातो. ‘एफ’ हे अक्षर विद्यार्थ्याला याच कायद्याने चिकटले. विद्यार्थी हा यापुढे वसाहतवाला नव्हे, तर तात्पुरता पाहुणा ठरला. स्वदेशी आपले घर आहे आणि ते सोडून देण्याचा आपला विचार नाही, हे दाखविणे त्याचे कर्तव्य झाले. याच कायद्याच्या दोनशे चौदाव्या कलमातील ‘ब’ पोटकलम अर्जदारांच्या घरोघरी माहीत झाले आहे. त्याचा आशय असा की, येणारा प्रत्येक परकीय हा कायमचा राहावयास येत आहे असेच गृहीत धरावे. तसे नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटविण्याचा भार अर्जदारावर. फौजदारी न्यायालयात आरोपी निर्दोष मानला जातो आणि दोष सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. व्हिसाच्या खिडकीपाशी हा क्रम उलटा आहे. तेथे संशय हा अपमान नसून कायद्याने घालून दिलेला आरंभबिंदू आहे.

या कायद्याबरोबरच मैत्रीचेही पर्व चालू होते. १९५० च्या फेब्रुवारीत भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला आणि विद्वानांची देवाणघेवाण सुरू झाली. परंतु भारतीय विद्यार्थ्याला त्या काळी दोन दारे ओलांडावी लागत. एक परक्याचे, दुसरे स्वतःचे. परकीय चलनाची टंचाई असल्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या अनुमतीचा ‘पी फॉर्म’ मिळाल्यावाचून तिकीट हाती पडत नसे. पारपत्र देणे न देणे हेही सरकारच्या मर्जीवर होते. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हे घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षी पारपत्राचा कायदा झाला. दस्तकीची मर्जी जाऊन हक्काचा कागद आला, तो येथे. मात्र कोणत्याही न्यायालयाला आपल्या नागरिकास परक्या देशात शिरण्याचा हक्क देता येत नाही. आपल्या घराबाहेर पडणे हा हक्क असू शकतो. दुसऱ्याच्या घरात जाणे ही त्याची अनुमतीच राहते.

१९६५ साली अमेरिकेने राष्ट्रांनुसार भेद करणारी जुनी पद्धत मोडली. त्यानंतर शिकावयास गेलेले अभियंते, वैद्य आणि शास्त्रज्ञ मोठ्या संख्येने तेथेच राहू लागले. कायदा एका तोंडाने विद्यार्थ्याला ‘परत जाशील ना?’ असे विचारीत होता आणि दुसऱ्या हाताने त्यास नोकरीची व पुढे कायम वास्तव्याची वाट दाखवीत होता. शिक्षणानंतर एक वर्ष त्या विषयातील व्यावहारिक अनुभव घेण्याची मुभा आहे; विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांना २०१६ च्या नियमाने आणखी चोवीस महिने मिळू लागले. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती आणि इतर सर्व देशांहून ती अधिक होती. त्यांपैकी ९७ हजारांहून अधिक जण अशा व्यावहारिक प्रशिक्षणात होते. हा विरोधाभास विद्यार्थ्याने निर्माण केलेला नाही. पण खिडकीपाशी उत्तर द्यावे लागते ते त्याला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस भीतीचे रूप पुन्हा पालटले. १९९३ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये जो बॉम्बस्फोट झाला, त्यातील एक गुन्हेगार विद्यार्थी व्हिसावर आलेला होता. १९९६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर गोळा करण्याचे कायद्याने ठरले, पण काम रेंगाळले. २००१ च्या ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. त्यानंतर सहा महिन्यांनी, २००२ च्या मार्चमध्ये, त्या हल्ल्यातील दोघा मृत वैमानिक-अपहरणकर्त्यांना विद्यार्थी म्हणून मान्यता दिल्याची सरकारी पत्रे फ्लॉरिडातील विमानशाळेत येऊन पडली. या लाजिरवाण्या घटनेने सारे राष्ट्र हादरले. २००३ साली हे खाते नव्या गृहसुरक्षा मंत्रालयाकडे गेले आणि ‘सेव्हिस’ ही संगणकीय नोंदव्यवस्था अमलात आली. श्रम, न्याय, सुरक्षा: खाते ज्या मंत्रालयाकडे गेले त्यावरून त्या त्या काळी राष्ट्राला कशाचे भय वाटत होते ते कळते. १९२४ साली शाळेने पत्राने कळवावयाची बातमी आता संगणकाने कळू लागली, इतकाच काय तो फरक.

आजचा क्रम असा आहे. प्रथम सरकारमान्य विद्यापीठात प्रवेश. मग विद्यापीठाकडून ‘आय-२०’ नावाचा दाखला, ज्यात अभ्यासक्रम, मुदत आणि वर्षाचा खर्च लिहिलेला असतो. त्यानंतर सेव्हिसचे शुल्क; २०१९ पासून ते ३५० डॉलर झाले. मग ‘डी.एस.-१६०’ हा अर्ज, व्हिसाचे वेगळे शुल्क, बोटांचे ठसे आणि अखेर मुलाखत. व्हिसा मिळाला तरी तो प्रवेशाचा हक्क देत नाही. दारापर्यंत जाण्याची अनुमती देतो. विमानतळावरील अधिकारी आत घेतो तेव्हाच प्रवेश होतो. तेथे राहणे टिकते ते पारपत्रावर चिकटविलेल्या कागदाने नव्हे, तर पूर्ण वेळ शिकत राहण्याने. पत्ता बदलला तर कळविणे, अभ्यासाचा भार परवानगीवाचून कमी न करणे, सत्रकाळात आठवड्यास फार तर वीस तास आणि तेही आवारातच काम करणे, हे नियम मोडले की व्हिसाची मुदत शिल्लक असूनही विद्यार्थी बेकायदा ठरतो.

शाळेची निवड हीही आता केवळ शिक्षणाची बाब राहिलेली नाही. २०११ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर सरकारने छापा घातला. पैसे घेऊन विद्यार्थी-दाखले देणारी ती संस्था होती आणि तिचे बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते. काही मुलांच्या पायांत माग काढणारी विद्युत्कडी अडकविली गेली. भारत सरकारने त्याबद्दल निषेध नोंदविला. त्यांतले काही जण फसलेले होते, काही जण जाणून-बुजून गेले होते; कड्यांना तो भेद माहीत नव्हता. स्वस्त आणि सोपा दाखला हा बहुधा सर्वांत महाग पडतो, हा त्या प्रकरणाचा बोध.

नियम पालटण्याचा वेगही वाढला आहे. २०२० च्या जुलैमध्ये, महासाथीच्या काळात, ज्यांचे सर्व वर्ग दूरस्थ पद्धतीने चालतात अशा विद्यार्थ्यांनी देश सोडावा असा फतवा निघाला. हार्वर्ड आणि एम.आय.टी. न्यायालयात गेली आणि आठवडाभरात तो मागे घेतला गेला. २०२५ च्या वसंतऋतूत हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधील नोंदी अचानक रद्द झाल्या. ठिकठिकाणच्या न्यायालयांत दावे झाल्यावर एप्रिलच्या अखेरीस त्या पूर्ववत करण्याचे सरकारने मान्य केले. त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी नव्या मुलाखती देणे थांबविण्यात आले. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा अर्जदाराने समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावीत, ही नवी अट आली. ऑगस्टमध्ये तर ‘शिक्षण चालेल तोवर वास्तव्य’ ही कित्येक दशकांची पद्धत बदलून ठराविक वर्षांची मुदत घालण्याचा प्रस्ताव मांडला गेला. या घटनांतून एक गोष्ट दिसते. जे विद्यार्थी आत आहेत त्यांना न्यायालयाचे दार ठोठावता येते आणि पुष्कळदा ते उघडतेही. मुंबईच्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्यास ते सहसा ठोठावता येत नाही. व्हिसाच्या नकाराची चौकशी तेथील न्यायालये क्वचितच करतात. त्याला नवा अर्ज करता येतो, पुन्हा शुल्क भरता येते, आणि अधिक स्पष्ट उत्तर देता येते.

तेव्हा या इतिहासाने विद्यार्थ्याच्या हाती काय दिले? एक तर हे की, त्या मुलाखतीत परीक्षा बुद्धीची नसते. विद्यापीठाने ती आधीच घेतलेली असते. परीक्षा असते ती एका जुन्या गृहीताचे खंडन करण्याची. त्यासाठी पाठ केलेली वाक्ये, दलालाने शिकविलेली उत्तरे आणि उसनवारीने फुगविलेली बँकेची खाती उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडते ते आपल्या हेतूविषयीचे स्वच्छ ज्ञान. दुसरे असे की, नकार हा माणसावरचा शेरा नव्हे. ज्या घराने जमीन गहाण ठेवून मुलाला पाठविण्याचे योजिले, त्या घराने ही गोष्ट आधीच मनाशी धरावी आणि दुसरी वाट खुली ठेवावी. दिंडीवर ज्याचे सर्वस्व टांगलेले आहे, त्याला द्वारपालाची प्रत्येक हालचाल दैवासारखी वाटते.

आणि तिसरी गोष्ट अधिक खोल आहे. आनंदीबाई, केतकर, आंबेडकर यांच्याकडून अमेरिकेने परतण्याचे वचन घेतले नव्हते, आणि ते परतले. १९५२ नंतर प्रत्येक विद्यार्थ्याकडून तसे आश्वासन घेतले जाऊ लागले, आणि असंख्य जण तेथेच राहिले. यात कोणाची निंदा नाही. राहिलेल्यांनीही दोन्ही देशांना पुष्कळ दिले आहे. परंतु माणसाचे परतणे कागदाने ठरत नाही, हे यातून स्पष्ट होते. ते ठरते तो काय शिकावयास गेला आणि कोणासाठी शिकला यावरून. द्वारपाल हे जाणू शकत नाही. म्हणून तो कागद मागतो, पैसा मोजतो, बोटांचे ठसे घेतो. बऱ्हाणपूरच्या दरबारात उभ्या असलेल्या परक्या वकिलाला कोतवालाने मस्तक टेकावयास सांगितले, तेही त्याच अज्ञानापोटी. समोरच्या माणसाच्या मनातले दिसत नाही, तेव्हा सत्ता त्याच्या मानेचा कोन पाहते. चार शतकांत दस्तकीचा व्हिसा झाला, कोतवालाच्या जागी काचेची खिडकी आली. प्रवाशाने मान वाकवून दिंडीतून आत जावे, पण ज्या कामासाठी आपण निघालो ते दिंडीपाशी विसरू नये, एवढेच त्याच्या हाती आहे. आणि ते थोडे नाही.